विश्लेषण : फोनला बोट लावताच त्याला कळते कसे? ‘इंटरप्ट’ला घाबरलेल्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांची गोष्ट

हा मजकूर मोबाइलवर वाचताना तुम्ही बोटाने पान वर सरकवता. त्या क्षणी फोनचा प्रोसेसर भलत्याच कामात असतो. कुठे गाणे वाजवायचे असते, कुठे व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप उतरवून घ्यायचा असतो. तरीही तुमच्या बोटाची दखल तत्काळ घेतली जाते आणि अर्धवट राहिलेले काम जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागते. या व्यवस्थेला संगणकशास्त्रात ‘इंटरप्ट’ म्हणतात. आज ती प्रत्येक फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, वॉशिंग मशीनमध्येही आहे. मात्र १९५७ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममधला एक तरुण प्रोग्रॅमर ही कल्पना ऐकून घाबरला आणि त्याने तीन महिने तिला होकार दिला नाही. नकाशातला सर्वात जवळचा रस्ता शोधणाऱ्या पद्धतीमुळे जगाला माहीत असलेले एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०-२००२) ते हेच. त्यांची भीती अनाठायी नव्हती. तिचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, त्यावर आजच्या ऑपरेटिंग सिस्टीम उभ्या आहेत.

कडी वाजली, पण शिट्ट्या किती झाल्या?

गिरगावातल्या चाळीतले एक घर घ्या. पाहुणे यायचे आहेत. त्यांची वाट पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दर दोन मिनिटांनी हातातले काम टाकून गॅलरीत जायचे आणि जिन्याकडे डोकावायचे. दुसरा, आपले काम करत राहायचे. आले की ते कडी वाजवतील. पहिल्या पद्धतीला संगणकाच्या भाषेत ‘पोलिंग’ म्हणतात (मतदानाशी याचा संबंध नाही). दुसऱ्या पद्धतीतली कडी म्हणजे इंटरप्ट.

दुसरा मार्ग उघडच सोयीचा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. गॅसवर कुकर आहे आणि तीन शिट्ट्या मोजायच्या आहेत. दोन झाल्या आणि कडी वाजली. दार उघडून, पाहुण्यांना बसवून, पाणी देऊन तुम्ही ओट्याशी परत आलात, तर ‘दोन झाल्या’ हे लक्षात असायला हवे. नाही तर भाताचा लगदा होणार. प्रोसेसरचेही तसेच. त्याच्याजवळ ‘रजिस्टर’ नावाचे मोजकेच कप्पे असतात आणि चालू हिशेबातले आकडे त्या कप्प्यांत असतात. मध्येच दुसऱ्या कामाकडे वळायचे तर आधी हे आकडे सुरक्षित ठेवावे लागतात आणि परतल्यावर जसेच्या तसे जागेवर लावावे लागतात.

प्रत्यक्षात हे असे घडते : टचस्क्रीन, नेटवर्क चिप किंवा स्टोरेज यांपैकी कोणीतरी प्रोसेसरला विजेचा एक संकेत पाठवते. प्रोसेसर हातातली सूचना पूर्ण करतो, पुढची सूचना कुठे आहे त्याचा पत्ता लिहून ठेवतो आणि ठरवून दिलेल्या जागी उडी घेतो. तिथे त्या उपकरणाच्या ‘डिव्हाइस ड्रायव्हर’ने आधीच नोंदवून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यामधला दुभाषा. तो छोटा प्रोग्रॅम आधी पाहतो की हाक आपल्याच उपकरणाची आहे का, कारण एकाच तारेवर दोन-तीन उपकरणेही असू शकतात. मग माहिती उचलतो, उपकरणाला पोच देतो आणि परततो. ही पोच द्यायची राहिली तर उपकरण हाका मारतच राहते. प्रोसेसर पुन्हा पुन्हा तिथेच धाव घेतो, बाकीची कामे उपाशी राहतात आणि यंत्र गोठल्यासारखे दिसते. नवख्या ड्रायव्हर लेखकांना हा अनुभव लवकरच येतो.

सगळ्या हाका बाहेरच्या उपकरणांच्याच असतात असेही नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांचा भोंगा घड्याळानुसार वाजे आणि त्यासरशी पाळी बदले. संगणकातही एक घड्याळ ठरावीक वेळाने इंटरप्ट देते, म्हणजे एकच प्रोग्रॅम प्रोसेसर अडवून बसत नाही.

भौतिकशास्त्र सोडून प्रोग्रॅमर का झाले?

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमला झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते. आई गणितज्ञ, पण तिने कधी नोकरी केली नाही. शाळेत असताना त्यांच्या मनात कायदा शिकायचे होते, संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करण्याचेही स्वप्न होते. प्रत्यक्षात १९४८ मध्ये ते लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकू लागले. १९५१ मध्ये वडिलांच्या पाहण्यात एक जाहिरात आली : केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचा प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा वर्ग होणार होता. मुलगा तिथे गेला आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

मार्च १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये ते अर्धवेळ कामाला लागले. तिथले प्रमुख आद्रियान फान वाइनगार्डन यांच्यापुढे त्यांनी एकदा आपला पेच मांडला होता. भौतिकशास्त्र हा प्रतिष्ठित विषय. प्रोग्रॅमिंगला शास्त्र तरी म्हणावे का? फान वाइनगार्डन यांनी त्यांना समजावले, की संगणक आता जाणार नाहीत आणि या कामाला शास्त्राची इभ्रत मिळवून देणाऱ्यांत तूही असू शकतोस. डाइक्स्ट्रा यांनी ते मनावर घेतले. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा नोंदणीच्या अर्जात त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ लिहिला. असा व्यवसायच नसतो म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या पालिकेने तो मान्य केला नाही. अखेर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले.

जवळच्या रस्त्याची प्रसिद्ध पद्धत त्याच्या आदल्या वर्षीची. आर्मॅक हा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता, त्यासाठी सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. रिया यांच्यासोबत खरेदी करून दमल्यावर एका कॅफेत बसले असताना वीसेक मिनिटांत, कागद-पेन न घेता त्यांनी ती पद्धत मनात जुळवली. आज मोबाइलचा नकाशा दादरहून फोर्टला नेतो, त्यामागच्या गणिताचे मूळ तिथे आहे. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. इंटरप्टची गोष्ट त्या मानाने झाकलेलीच राहिली, वास्तविक ती अधिक मोलाची आहे.

तीन महिने नकार कशासाठी?

सेंटरमध्ये यंत्रे बनवणारी जोडी होती ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन यांची. ते यंत्राचा आराखडा करत आणि त्या यंत्रासाठी मूलभूत प्रोग्रॅम डाइक्स्ट्रा लिहीत. बऱ्याचदा यंत्र तयार होण्याआधीच प्रोग्रॅम कागदावर तयार असे. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ‘एक्स-१’ या नव्या संगणकाचा आराखडा निम्मा झाला असताना, साधारण १९५७ च्या सुरुवातीला, या दोघांनी इंटरप्टची कल्पना मांडली.

त्यामागचे कारण साधे होते. टाइपरायटर सेकंदाला दहाएक अक्षरे छापणार. एक अक्षर उमटेपर्यंत प्रोसेसर हजारावर बेरजा करू शकतो. त्याला टाइपरायटरपाशी ताटकळत ठेवणे म्हणजे महागड्या यंत्राचा बहुतेक वेळ फुकट घालवणे. त्यापेक्षा त्याने गणित करत राहावे आणि अक्षर छापून झाले की टाइपरायटरने हाक मारावी.

डाइक्स्ट्रा यांना मात्र दुसरेच काही दिसले. तोवरचे संगणक कमालीचे शिस्तीचे होते. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती दिली तर दर वेळी सूचनांचा तोच क्रम, तेच उत्तर. प्रोग्रॅम चुकला तर पुन्हा चालवायचा, चूक त्याच जागी पुन्हा दिसायची, मग ती पकडायची. इंटरप्ट आला की ही शिस्त मोडणार. टाइपरायटरची हाक आज हजाराव्या सूचनेनंतर येईल, उद्या एक हजार एकाव्या. समजा चूक फक्त एका विशिष्ट क्षणी हाक आली तरच घडते. मग ती वर्षातून एकदा दिसेल, आणि पुन्हा चालवून पाहिले तर नाहीशी झालेली असेल. अशी चूक आपल्याच हातून झाली तर ती शोधणार कशी, या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले. त्यात एक्स-१ चे काही मूलभूत प्रोग्रॅम बदलता न येणाऱ्या स्मृतीत पक्के बसवायचे होते. आजच्यासारखे मागाहून ‘अपडेट’ पाठवण्याची सोय नव्हती.

त्यांनी तीन महिने निर्णय लांबवला. लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी मग खुशामतीचा मार्ग धरला : हे जमले तर तुलाच जमेल. डाइक्स्ट्रा विरघळले. पण काम हाती घेतल्यावर त्यांनी पद्धत बदलली. आधी लिहू, मग चालवून पाहू, हा रिवाज इथे कामाचा नव्हता. किती वेळा चालवून पाहणार? हाक येण्याचे क्षण अगणित. म्हणून त्यांनी आधी हे तपासायला घेतले, की हाक कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये आली तरी थांबलेले काम बिनचूक पुढे नेता येईल इतकी यंत्राची अवस्था जपून ठेवता आणि परत लावता येते का. रजिस्टर कोणत्या क्रमाने जपायची, कोणत्या काळात नव्या हाका कानाआड करायच्या, त्या पुन्हा कधी ऐकायच्या, हे सगळे त्यांनी अशा रीतीने बसवले की ते नेहमीच बरोबर चालेल हे युक्तिवादाने दाखवता यावे. इंटरप्टची कल्पना जगात याआधी एक-दोन अमेरिकी यंत्रांत आली होती. पण ती बिनचूक असल्याची इतकी काटेकोर झडती घेणारे ते पहिल्या काही जणांत होते. इतर कंपन्यांच्या यंत्रांतील इंटरप्टच्या आराखड्यात त्यांना पुढे कित्येक वर्षे त्रुटी सापडत राहिल्या, याचे कारण या तीन महिन्यांच्या धास्तीत आहे असे म्हणायला हरकत नाही.

याच कामावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९५९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता स्वयंचलित संगणकाशी संवाद. आजच्या भाषेत सांगायचे तर इंटरप्टवर चालणारे डिव्हाइस ड्रायव्हर.

त्या वेळी मुंबईत काय चालले होते?

डाइक्स्ट्रा प्रबंध पुरा करत असताना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालचा तरुणांचा गट स्वतःचा संगणक उभारत होता. २२ फेब्रुवारी १९६० रोजी तो औपचारिकरीत्या कार्यान्वित झाला, पुढे त्याला ‘टिफरॅक’ हे नाव मिळाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि जेमतेम २,०४८ शब्दांची स्मृती. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला प्रोग्रॅम द्यावा लागे आणि उत्तर टेलिप्रिंटरवर उमटे. गणित वेगवान, कागद मात्र मंद हा अ‍ॅमस्टरडॅमचाच पेच इथेही होता. १९६४ मध्ये कुलाब्याला सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकी यंत्र आले, त्यात इंटरप्टची सोय होती. देशभरातले संशोधक आपापल्या पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याच्या वाऱ्या करू लागले. डाइक्स्ट्रा यांच्या कल्पनांची चर्चाही पुढे इथे रुजली. एकापेक्षा अधिक प्रोसेसरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम कशी रचावी यावर याच संस्थेतील मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांचे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रेल्वेचा सिग्नल संगणकात कसा आला?

हाक मारण्याचा प्रश्न सुटला, पण त्यातून दुसरा उभा राहिला. समजा, न वाचलेल्या निरोपांची संख्या स्मृतीत ठेवली आहे : ७. मुख्य प्रोग्रॅमला त्यात एक मिळवायचा आहे. तो ७ वाचतो. तेवढ्यात इंटरप्ट येतो. त्याचा छोटा प्रोग्रॅमही एक मिळवतो आणि ८ लिहून जातो. मुख्य प्रोग्रॅम परत जागा होतो. त्याच्या हातात जुनाच ७ आहे. तो एक मिळवून पुन्हा ८ लिहितो. निरोप दोन आले, मोजणीत एकच वाढला. दहा लाख वेळा काही बिघडणार नाही, एकदा नेमके हेच घडेल.

यावर उपाय म्हणजे अशा नाजूक भागात एका वेळी एकालाच प्रवेश. ते कसे साधायचे? १९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच सुमारास त्यांनी रेल्वेकडून एक कल्पना उसनी घेतली आणि तिला नावही रेल्वेचेच दिले : सेमाफोर, म्हणजे हात वर-खाली होणारा जुना सिग्नलचा खांब.

मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही. दादरच्या अलीकडे लोकल पाच मिनिटे उभी राहते, कारण पुढच्या तुकड्यात आधीची गाडी आहे. ती बाहेर पडली की सिग्नल सुटतो. रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम मोटरमनच्या अंदाजावर सोडलेला नसतो, सिग्नलच्या यंत्रणेतच बांधलेला असतो. डाइक्स्ट्रा यांचा सेमाफोर म्हणजे एक साधा आकडा आणि त्यावर दोनच क्रिया. ‘पी’ म्हणजे पार होण्याची परवानगी : आकडा शून्याहून मोठा असेल तर एकाने कमी करून पुढे जा, नसेल तर थांबून राहा. ‘व्ही’ म्हणजे मोकळे करणे : आकडा एकाने वाढव, कोणी थांबले असेल तर त्याला उठव. ही अक्षरे डच शब्दांवरून आली. अट एकच, दोन्ही क्रिया अखंड असाव्यात, त्यांच्या मध्ये कोणी शिरू नये.

यातली खरी खुबी इंटरप्टशी जोडलेली आहे. उपकरणाचे काम संपले की इंटरप्टने फक्त ‘व्ही’ करायचे. माहितीची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमने ‘पी’ करायचे. वाट पाहणारा अजून ‘पी’पर्यंत पोहोचलाच नसेल तरी बिघडत नाही. ‘व्ही’ आकड्यात जमा होऊन राहतो, नंतर आलेल्याला तो मिळतो. नुसत्या घंटीत ही सोय नाही. घंटी वाजून गेली आणि तुम्ही नंतर दाराशी येऊन बसलात, तर बसूनच राहाल.

दुसरा धोका परस्परांना अडवून बसण्याचा. दोघांना दोन-दोन वस्तू हव्यात, प्रत्येकाने एक धरली आहे आणि दुसरी सुटण्याची वाट पाहतो आहे. यालाच ‘डेडलॉक’ म्हणतात. हा धोका समजावा म्हणून डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना परीक्षेत पाच संगणक आणि त्यांच्यामध्ये वाटून घ्यायच्या टेप-यंत्रांचे कोडे घातले. टोनी होअर यांनी नंतर त्याला जेवणाच्या टेबलाचे रूप दिले. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ, पाच काटे आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. मुंबई विद्यापीठात संगणक अभियांत्रिकी शिकलेला कोणीही हे तत्त्वज्ञ विसरलेला नसतो.

‘टीएचई’ने काय सिद्ध केले?

आइंडहोव्हनला एक्स-८ हे यंत्र आले. त्यासाठी डाइक्स्ट्रा आणि सहकारी, सगळे मिळून सहा जण, तेही अर्धा वेळ देऊन, एक ऑपरेटिंग सिस्टीम रचू लागले. विद्यापीठाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘टीएचई’ म्हणून ओळखली जाते. तिचे वर्णन मे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले.

इमारत मजल्यांनी बांधावी तशी ती बांधलेली होती. सर्वात खालच्या मजल्यावर प्रोसेसर कोणाला मिळणार याचा निर्णय आणि घड्याळाचा इंटरप्ट. त्याच्या वर स्मृतीची वाटणी, मग ऑपरेटरशी संवाद, मग कागदी पट्टी आणि छपाईयंत्रे, त्याच्याही वर वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम. वरच्या मजल्याने खालच्यावर विसंबायचे, खालच्याने वरच्यावर नाही. परिणाम असा की इंटरप्टचा सगळा बेभरवसा तळमजल्यातच बंद झाला. वरच्यांना हाका ऐकू येतच नाहीत. त्यांना दिसतात फक्त ‘पी’ आणि ‘व्ही’. कोणती हाक कोणत्या क्षणी आली याचा त्यांच्या उत्तरावर परिणाम होत नाही. १९५७ मध्ये जी शिस्त मोडेल म्हणून ते धास्तावले होते, ती त्यांनी अशी वेगळ्या वाटेने परत मिळवली. प्रत्येक मजला तपासून मगच पुढचा चढवल्यामुळे चाचण्यांत निघालेल्या चुका किरकोळ होत्या.

एवढे यश मिळाल्यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाले उलट. विद्यापीठातल्या गणितज्ञ सहकाऱ्यांना हे काम आपल्या विषयाचे वाटत नव्हते, गट विखुरला आणि डाइक्स्ट्रा खिन्नतेच्या गर्तेत गेले. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी जे लिहायला घेतले, ते म्हणजे प्रोग्रॅमची रचना कशी असावी यावरचे त्यांचे गाजलेले टिपण. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आजच्या ड्रायव्हरमध्ये यातले काय उरले आहे?

बरेच. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे. त्यात इंटरप्ट हाताळणारा ड्रायव्हर दोन भागांत विभागलेला असतो. पहिला भाग अगदी थोडक्यात उरकायचा : हाक ओळख, पोच दे, माहिती बाजूला ठेव, परत जा. उरलेले सावकाशीचे काम दुसऱ्या भागाने नंतर करायचे. दार उघडणाऱ्याने दारातच गप्पांचा फड जमवला तर मागच्या पाहुण्यांनी काय करायचे?

पहिल्या भागाला झोपण्याची, म्हणजे कशाची वाट पाहत थांबण्याची मुभा नाही. म्हणून तिथे ‘व्ही’ चालते, थांबायला लावणारे ‘पी’ चालत नाही. नियम जुनाच, क्रियांची नावे तेवढी बदलली.

एक सापळा आजही नवशिक्यांना पकडतो. ड्रायव्हरने एखाद्या माहितीला कुलूप घातले आहे. तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर त्याच उपकरणाचा इंटरप्ट येतो आणि तेच कुलूप मागतो. किल्ली आहे थांबलेल्या ड्रायव्हरकडे. इंटरप्ट संपेपर्यंत तो पुढे सरकणार नाही आणि कुलूप उघडेपर्यंत इंटरप्ट संपणार नाही. फोन कायमचा अडकला. म्हणून असे कुलूप घालण्याआधी त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट क्षणभर बंद ठेवायचे, काम झाले की पूर्ववत करायचे. एक्स-१ च्या वेळी डाइक्स्ट्रा यांनी हेच मोजूनमापून ठरवले होते : हाका कानाआड कधी करायच्या आणि किती वेळ.

पोलिंगही पुरते मोडीत निघालेले नाही. गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळमध्ये घरी माणसांची रीघ लागते, तेव्हा कोणी प्रत्येक कडीला उठत नाही. दार सताड उघडे ठेवतात आणि येणाऱ्यांकडे आपणच लक्ष ठेवतात. नेटवर्कवरून माहितीचा लोंढा येतो तेव्हा लिनक्सचा ड्रायव्हर नेमके हेच करतो. तो इंटरप्ट बंद करून स्वतःच गठ्ठ्याने माहिती उचलत राहतो आणि लोंढा ओसरला की पुन्हा हाकांवर येतो.

चाचणी पुरेशी नसते, ती कधी?

या सगळ्याची किंमत १९८० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात काही रुग्णांनी मोजली. ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतले काही दगावले. त्यातली एक चूक अशी होती की ऑपरेटरने पडद्यावरची नोंद काही सेकंदांत दुरुस्त केली, तर प्रोग्रॅमच्या एका भागाला तो बदल कळतच नसे. हळू टाइप करणाऱ्याच्या हातून ती घडत नसे. सराईत हातांनीच ती घडे. टेक्ससमधल्या एका रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि ऑपरेटर यांनी ती पुन्हा पुन्हा करून पाहिली, तेव्हा कुठे ती सापडली. कोणत्या क्षणी काय घडते यावर अवलंबून असलेली चूक कशी असते, त्याचा याहून कठोर पुरावा नाही.

चाचणीने चुका सापडतात, पण चुका नाहीत हे कळत नाही, अशी डाइक्स्ट्रा यांची धारणा होती आणि ती त्यांनी आयुष्यभर टोचेल इतक्या स्पष्टपणे मांडली. प्रोग्रॅम आणि त्याचा बरोबरपणाचा युक्तिवाद हातात हात घालून लिहावेत, असा त्यांचा आग्रह होता. उद्योगजगताला तो अव्यवहार्य वाटला. त्यात तथ्यही आहे. लिनक्समधल्या हजारो ड्रायव्हरांची गणिती सिद्धता कोणी लिहीत बसलेले नाही, आणि तरीही फोन चालतात. विमाने आणि वैद्यकीय यंत्रांसारख्या ठिकाणी मात्र त्यांचाच मार्ग थोडाथोडा मान्य होत गेला. त्यांची बोचरी भाषा अनेकांना दुखावून गेली, हेही नमूद करायला हवे.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९७३ मध्ये त्यांनी बरोज या अमेरिकी संगणक कंपनीचे संशोधकपद घेतले आणि न्यूनेन या गावातल्या घरूनच काम केले. हे गाव आधी चित्रकार व्हॅन गॉग यांच्या वास्तव्यासाठी ओळखले जाई. १९८४ मध्ये ते ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. संगणकाला शिस्त लावणाऱ्या या माणसाने बराच काळ स्वतःचा संगणक बाळगला नाही. फाउंटन पेनाने, सुबक अक्षरांत ते टिपणे लिहीत, स्वतःच्या आद्याक्षरांखाली क्रमांक घालत आणि प्रती काढून टपालाने परिचितांना पाठवत. ते पुढे प्रती काढून वाटत. १३०० हून अधिक टिपणे अशी जगभर फिरली. टेक्ससच्या त्या विद्यापीठाने ती आता इंटरनेटवर ठेवली आहेत. इंटरप्टच्या पहिल्या भीतीची हकिकतही त्यांनी स्वतःच, सत्तरी गाठल्यावर, अशाच एका टिपणात नोंदवून ठेवली.

फुरसतीत ते पियानो वाजवत, मोझार्ट त्यांचा आवडता. रिया यांच्यासोबत एका फिरत्या घरातून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने पालथी घालणे हा दुसरा छंद. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या नावाशी खेळत त्यांनी या गाडीला ‘टूरिंग मशीन’ म्हटले होते. २००२ च्या सुरुवातीला कर्करोगाने ग्रासलेले डाइक्स्ट्रा न्यूनेनला परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी तिथल्याच घरी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, एकमेकांशी जोडलेल्या यंत्रांचा बिघडलेला कारभार आपोआप ताळ्यावर कसा येऊ शकेल यावरच्या त्यांच्या १९७४ च्या निबंधाला एक मानाचा पुरस्कार मिळाला होता. पुढच्या वर्षापासून तो पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.